तोडणीचा बुशर्ट

१८ मार्च, मंगळवार

कृषी केंद्रवाल्यानं संक्रांतीले दिलेली डायरी कोरीच पडून होती. आज काढली. मी चवथी शिकली, तेही रडत. पण अक्षराले हसणार कोण, वाचणारंच कोणी नाई.

आज नंदिनीले घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलतो, मी आन काजल. काजल माझी सून. त्याच दवाखान्यात चिठ्ठ्या काढायच्या खिडकीवर बसते, तरी आमाले लाइनीत उभं राहाच लागलं. नंदिनी अडीच वर्षांची, माझी नात. तिच्या गालावर, गळ्याले, कोपराच्या घडीत लाल चट्टे येतात. खाजवून खाजवून पाणी सुटते. आमच्याकडं याले इसब म्हणतात. डॉक्टरीणबाई एक्झिमा म्हणे. नाव बदललं, खाज तीच.

डॉक्टरीणबाई वयानं तरणी, पण ऐकून घेणारी. म्हणे, "आजी, हे मुळासकट जाणार नाही. सांभाळावं लागेल."

"सांभाळूनच तर राह्यलो बाई," मी म्हटलं. "बरं करा म्हणतो."

ती हसली. मंग एकेक सांगतलं. आंघोळ कोमट पाण्यानं, साबण नाई. अंग घासायचं नाई, टिपायचं, आन ओलं असतानाच व्हॅसलीन चोपडायचं. दिवसातून तीनचार खेपा. चट्टा पेटला तर ट्यूब, भिऊन भिऊन नाई, सांगतली तेवढी. नखं बारीक ठेवायची. कपडे सुती. आन रोज अंग कसं होतं ते कागदावर मांडायचं. तो कागद काजल भरते. त्यात खाज कमी, मध्यम, जास्त, एवढ्याच जागा आहेत. बाकीचं कुठं मांडायचं? म्हणून ही डायरी.

२४ मार्च, सोमवार

सांगतलं तसंच करून राह्यली. एक खेप चुकली नाई. गाल मऊ पडले. कोपराची घडी कोरडी झाली. आमचे हे म्हणतात, "वच्छला, पोट्टी आज खिदळून राह्यली वो." मी म्हटलं, खिदळणारच, तीन टाइम लोणी लावलेली पोळी झाली तिची.

शेजारची अन्नपूर्णा आलती. म्हणे कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी घाला, आमच्या रोशनीचं गेलं. मी म्हटलं, गेलं तर रोशनीनं बोट भरून पावडर काऊन लावली काल? ती रागावून गेली. संध्याकाळी सांभाराची जुडी मागायले परत आली, म्हणजे रागावली नाई.

भेंडी लागली. परवापासून तोडा सुरू.

२ एप्रिल, बुधवार

वावर घरामागंच. नालवाडीकडं आता जिकडंतिकडं प्लॉट पडले, आमचा तुकडा तेवढा हिरवा राह्यला. भेंडी एक दिवसाआड तोडा लागते, नाई तर निबर होते. हे वर्ध्याच्या बाजारात नेतात. तोडणीले हात लावत नाईत. कंबर दुखते म्हणे. माझी कंबर लोखंडाची आहे.

उजाडलं की साडीवर यांचा जुना फुल बाह्यांचा बुशर्ट चढवतो आन वावरात जातो. भेंडीले बारीक लव असते, अंगाले टोचते, म्हणून साऱ्याच बाया बुशर्ट घालतात. मले खरं तर त्याचीही गरज नाई. एवढ्या वर्षांत हात असे झाले की सुई टोचली तरी खबर लागत नाई. पण सवय.

काजल साडेआठले निघते. म्हणून मी टोपलं ओट्यावर ठेवतो आन तशीच पोट्टीले घेतो. खांद्यावर टाकली की बुशर्टाची बाही मुठीत धरते, गाल घासते आन झोपते. आईजवळ अशी झोपत नाई. काजलनं एकदोनदा संध्याकाळी मी चुलीजवळ असताना खुंटीवरचा बुशर्ट पांघरून पाह्यला, तर त्यातही झोपली. काजल म्हणे, "आई, तुमच्या बुशर्टात जादू आहे."

"जादू नाई, घाम आहे," मी म्हटलं. पण बरं वाटलं. खोटं काऊन लिहू.

गाल जरासे पुन्हा लाल वाटतात. ऊन आहे.

९ एप्रिल, बुधवार

ऊन नाई. काजल आहे.

पोट्टीचा डावा गाल फुटला. गळ्याभोवती तर कोणी दोरी बांधल्यावानी लाल. मी काजलच्या बॅगमध्ये पाह्यलं तर पिवळ्या चिप्सची पुडी. मी विचारलं, हे का आहे? तर म्हणे, "आई, डॉक्टरनं खाण्याचं काही बंद नाही केलं."

"डॉक्टरनं पुडीचं नाव घेतलं होतं का?"

"तिनं दोन खाल्ल्या वो."

"दोननंच झालं."

मंग तीही बोलली. म्हणे, "दिवसभर तर ती तुमच्याजवळ असते, आई." एवढंच बोलली आन मोरीत गेली. गंज वेळ बाहेर आली नाई. निघाली तं डोळे लाल. साबण गेला म्हणे. साबण वापरू नका म्हणून डॉक्टरनं एवढं सांगतलं, ही वापरतेच.

दिवसभर माझ्याजवळ असते म्हणजे का? माझ्याजवळ असते म्हणून तर जिती आहे. टिपतो कोण, चोपडतो कोण, नखं कोण कापते? हिच्या हातानं तं नख कापताना बोट कापलं जाते.

अनुप माझा पोरगा. त्याले म्हटलं, तू काई बोल. तो मोटरसायकलच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलते, घरी आला की मुका होते. म्हणे, "दोघी मिळून पाहा ना." मिळून. हा एक शब्द शिकला.

१४ एप्रिल, सोमवार

अन्नपूर्णाच्या घरी सकाळपासून धावपळ. सारी गल्ली निळी झाली. पांढरी साडी नेसून तीच खीर घेऊन आली, "वच्छलाबाई, गरम आहे तोवर खा." रोशनी मागून पताका घेऊन. नंदिनी माझ्या खांद्यावर. अन्नपूर्णासोबत तिची नागपूरची नणंद आलती. ती म्हणे, "अरे बापरे, या पोरीचं तोंड का झालं?"

मी म्हटलं, "तोंड तिचंच आहे. तुमचं का झालं ते पाहा." अन्नपूर्णा हसू दाबून राह्यली.

मंग त्या गेल्यावर मी पोट्टीले आरशात पाह्यलं. मी रोज पाहतो म्हणून मले दिसत नाई. खरंच पोरीचं तोंड पाहवत नाई आता.

डोकं फिरलं होतं. कडुलिंबाचा पाला उकळला आन त्या पाण्यानं आंघोळ घातली. अशी ओरडली की अन्नपूर्णाकडचं गाणं बंद करून लोक पाहाले आले. फुटलेल्या कातडीवर ते पाणी. मी लगेच साधं पाणी ओतलं, व्हॅसलीन चोपडलं, ट्यूब लावली. थकून माझ्या बुशर्टात तोंड खुपसून झोपली. काजलले सांगतलं. ती म्हणे, "जाऊ द्या आई, तुम्हीही थकल्या." मले तिनं रागवायले पाहिजे होतं. रागवली असती तं मी भांडली असती, मोकळी झाली असती.

२० एप्रिल, रविवार

काजलच्या चुलतबहिणीचं लग्न. पोट्टीले घेऊन ती माहेरी गेली, पुलगावले. तिचे वडील मिलमध्ये होते, आता घरीच. आई यशोदाबाई. साधी बाई आहे. बोलते जास्त.

फोन आला. "इहीणबाई, अंग कसं चकचक झालं पोट्टीचं! हळदीतही खाजवलं नाई."

"तिथलं पाणी गोड असंल," मी म्हटलं.

"झोपत नाई मात्र. 'आजी, आजी' करते. तुमच्या नावानं रडते."

फोन ठेवला आन भाकर टाकली. पीठ सैल झालं होतं, तवा भलताच तापला होता. मी हिच्यासाठी एवढी मरून राह्यली आन ती बरी होते पुलगावले. रडते मात्र माझ्या नावानं. दोन्ही ऐकून मले काई समजेना की हसावं की का करावं.

२७ एप्रिल, रविवार

आठवडाभर तिथं राहून परवा आली. गाल असे की जन्मल्यादिवशीचे. मी टोपलं टाकून तशीच उचलली. तिनं बुशर्टात नाक खुपसलं आन हसली. आन आज गळा पुन्हा लाल, गाल पुन्हा खडबड.

काजल, अनुप, हे, तिघंही माझ्याकडं पाहून राह्यले. न बोललेलं मले जास्त ऐकू येते.

यांनी शेवटी तोंड उघडलं, "घरातच काही असंल, वच्छला."

"घरात मी आहे," मी म्हटलं. "सरळ सांगा ना."

काजल म्हणे, तिची आई म्हणते काही दिवस पोट्टी आमच्याकडं ठेवा. काही दिवस म्हणजे किती, मी विचारलं. ती म्हणे, शाळेत घालेपर्यंत पाहू. काजल दर रविवारी सकाळच्या गाडीनं जाईल, रात्री येईल.

शाळेत घालेपर्यंत. म्हणजे वर्ष. तोवर पोट्टी मले ओळखेल तर ओळखेल.

मी हो म्हटलं. का करू? लेकराची कातडी आहे, माझा मान नाई.

५ मे, सोमवार

काल नेली. गाडी सुटेपर्यंत मी फलाटावर थांबली नाई, भेंडी निबर होते. तिथं उभी राहून का करणार होती?

जाताना एक केलं. बुशर्ट घडी घालून काजलच्या पिशवीत टाकला. म्हटलं, "झोपेच्या वेळी हा दे तिले. यशोदाबाईले सांग, धुवू नका. धुतला तं वास जाईल, मंग झोपणार नाई." काजलनं तो छातीशी धरला आन तोंड फिरवलं. तिले माझ्या बुशर्टाचा वास आवडत नसंल. असू दे.

तोडणीले यांचा दुसरा बुशर्ट काढला. निळा. त्याले कॉलरच नाई.

घर लय मोठं वाटते. सकाळी साडेआठले टोपलं ओट्यावर ठेवलं आन हात रिकामे. व्हॅसलीनचा डबा इथंच राह्यला. यशोदाबाईले फोन केला की विकत घ्या, टिपून लावा, घासू नका. ती म्हणे, "हाव इहीणबाई, चौथ्यांदा सांगतलं तुम्ही."

१० मे, शनिवार

यशोदाबाईचा फोन. आवाज पडलेला.

"पोट्टीचं पुन्हा आलं, इहीणबाई. गालावर, गळ्याले. मी सारं केलं वो. पाणी तेच, व्हॅसलीन तेच, पुडी एक दिली नाई. मागच्या खेपेले कशी साफ राह्यली होती."

मले आत कुठंतरी बरं वाटलं. लिहिलं, आता खोडत नाई. म्हणजे फक्त माझ्याच घरात नाई होत. आन लगेच लाज वाटली की लेकरू खाजवून राह्यलं आन मले बरं वाटते.

"झोपते का?" मी विचारलं.

"झोपते ना, तुमचा बुशर्ट आल्यापासून सुखानं झोपते. उशीवर पसरून देतो. पण एक विचारू का, वाईट नका मानू. त्या बुशर्टात का आहे वो? मी रोज त्याले उचलून ठेवते तं माझे हातच चावून राह्यले. कोपरापर्यंत लाल. पावडर लावली, जात नाई."

"भेंडीची लव असंल," मी म्हटलं. "तोडणीचा बुशर्ट आहे तो. आमाले काई होत नाई, सवय—"

यशोदाबाई हॅलो, हॅलो करून राह्यली.

मी म्हटलं, "तो बुशर्ट आताच्या आता बाहेर टाका. उशीची खोळ, चादर, सारं गरम पाण्यात. पोट्टीले आंघोळ घाला."

फोन ठेवला. हे ओट्यावर पेपर वाचत होते. मी अंगातला निळा बुशर्ट काढला, मागून गेली आन त्याची बाही यांच्या मानेवर घासली. चांगली घासली.

"का करून राह्यली वो?"

"काई नाई. माशी होती."

मी चूल पेटवली, भाजी फोडणीले टाकली. भाजी शिजायच्या आत हे मान खाजवून राह्यले. "वच्छला, पाहा बरं, काई चावलं का." पाह्यलं. त्यांची मान नंदिनीच्या गळ्यावानी झाली होती. तशीच लाल, तिथंच.

भाजी करपली. तशीच वाढली.

११ मे, रविवार

काजल सकाळच्या गाडीनं पुलगावले निघायची होती. मी तिले ओट्यावर बसवलं आन सांगतलं. बुशर्ट, लव, यशोदाबाईचे हात, यांची मान. तोडा सुरू झाला तवाच पोरीचं वाढलं, तेही.

मी म्हटलं, "बोल ना. त्या दिवशी बोलली होती तशी बोल. दिवसभर माझ्याजवळच असते म्हणाली होती. बरोबर होतं तुझं."

ती म्हणे, "आई, तुम्ही चुलीजवळ बसल्या की मीच तं तो पांघरत होती तिले. जादू आहे म्हणून."

मंग दोघीही बसून राह्यलो. तिची गाडी निघून गेली. मी चहा टाकला. ती म्हणे, दुपारच्या गाडीनं जातो आन घेऊनच येतो तिले. मी म्हटलं, जा, पण येताना तो बुशर्ट आणू नको. ती हसली तं नाकातून चहा आला. मले काई हसण्यासारखं वाटलं नाई, पण हसली.

१४ मे, बुधवार

पोट्टी घरी आली. आज डॉक्टरीणबाईले दाखवलं तवा ती म्हणे, हे एकट्या लवेमुळं नाही आजी, तिची कातडीच नाजूक आहे. ऊन, घाम, धूळ, कशानंही पेटेल. पण लव थांबवली ते चांगलं केलं. आन मले विचारलं, "तुमचे हात दाखवा." मी दाखवले. ती म्हणे, तुम्हीही व्हॅसलीन लावत जा. मी म्हटलं, हे हात आहेत बाई, गाल नाईत.

१९ मे, सोमवार

आता असं करतो. बुशर्ट वावरातच, मोटरच्या खोलीत खिळ्याले. तोडा झाला की तिथंच हातपाय तोंड धुतो, लुगडं बदलतो, मंग घरात. टोपलं यांच्या हाती. ओट्यावर नाई ठेवायचं. यांची कंबर आपोआप बरी झाली.

पोट्टीचं अंग उतरलं. गाल साफ.

पण मी घेतली तं खांद्याले नाक लावते, हुंगते, आन उतरायले पाहते. माझ्या अंगाले आता साबणाचा वास. तिले वाटते कोणी दुसरीच बाई आहे. आज दुपारी मी थोपटत होती तं उठून बसली आन "आई पाहिजे" म्हणे. काजल ड्युटीवर. रडून रडून जमिनीवरच झोपली. संध्याकाळी काजल आली तशी तिच्या कुशीत शिरली ते सकाळपर्यंत.

चांगलंच आहे. माझा खांदा दुखतच होता. काजलही पहिल्यांदा जरा तब्येतीनं झोपली असंल. सकाळी तिचा चेहरा उघडला होता.

मी यांना म्हटलं, पुढच्या साली भेंडी नाई लावायची. सांभार लावू, पालक लावू. हे म्हणे, भेंडीलेच तं भाव असते. मी म्हटलं, मंग तुम्ही तोडा. हे मान चोळत बाहेर गेले.

२८ मे, बुधवार

कोपराच्या घडीत पुन्हा एक चट्टा. ऊन मरणाचं आहे. ट्यूब लावली, घाबरली नाई. काजलच्या कागदावर "मध्यम" लिहिलं असंल. मध्यमच आहे.

आज तोडा नव्हता. दुपारी मी पोट्टीले चोपडायले बसली. गाल झाले, गळा झाला, कोपर झालं. हल्ली उभी राहून स्वतःच हात वर करते, पोलीस पकडून राह्यल्यावानी. डब्याचं झाकण लावणार तं तिनं डबा ओढला.

"आजी, हात."

"माझा हात नाई, तुझा."

"आजी, हात दे."

दिला. तिनं सगळी बोटं डब्यात बुडवली आन माझ्या तळहातावर थापलं. मंग दुसऱ्या. टिपून टिपून, मी तिले लावतो तसं. भेगा दिसल्या तिथं जास्त. "झालं. खाजवू नको," म्हणे. आन माझ्या मांडीवर आडवी झाली, त्याच चिकट हाताचा अंगठा धरून, आन झोपली.

अर्धा डबा संपवला पोट्टीनं. नवा आणा लागंल. मांडीवर मुंग्या आल्या, भांडे पडले होते, ओट्यावर ऊन आलं.

मी हात धुतले नाई. काजल येईपर्यंत तसेच ठेवले. ती म्हणे, "आई, हे का?" मी म्हटलं, "काई नाई. डॉक्टरनं सांगतलं होतं."